सेल्फ मारला, गाडी उठली नाही: आता काय?

मे महिन्यातली दुपार, नागपूरची सीताबर्डी. खरेदी आटोपून तुम्ही गाडीत बसता. स्टिअरिंगला हात लावताच चटका बसतो. चाबी फिरवता आणि बोनटखालून फक्त एक ‘टक’. पुन्हा फिरवता, पुन्हा ‘टक’. मागचा ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. फुटपाथवरचे एक काका खिडकीत वाकून सांगतात, “बॅटरी गेली वाटते, भाऊ.” पानठेल्यावरचा दुसरा तिथूनच ओरडतो, “बॅटरी नाही, सेल्फ जाम असन!”

दोघांपैकी कुणीही बरोबर असू शकतो. पण आवाज कसा आला हे दोघांनीही विचारलेलं नाही, आणि गाडीचं अर्धं निदान तिथेच असतं.

माझी पहिली गाडी अशीच अडली तेव्हा मीही आवाजाकडे लक्ष दिलं नव्हतं. टोचन करून एका गॅरेजात नेली. त्यांनी नवी स्टार्टर मोटर बसवून दिली. चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रीने बोनट उघडून बॅटरीचं टर्मिनल, म्हणजे जाड तार जिथे बॅटरीला जोडतात तो भाग, नुसतं हाताने हलवलं, तर ते गरागरा फिरलं. दहा नंबरच्या पान्याने आवळलं, गाडी पहिल्या झटक्यात चालू. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्या खर्चाने प्यायला. तेव्हापासून मी आधी ऐकतो, मग हात लावतो. नवीन गाडी घेतलेल्यांनी आणि नोकरीनिमित्त नागपुरात नव्याने आलेल्यांनी निदान एवढं तरी शिकून घ्यावं.

दोन शब्द आधीच सांगून ठेवतो. इंजिनला सुरुवातीला फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला इथे ‘सेल्फ’ म्हणतात, मेकॅनिकला ‘मिस्त्री’. किल्ली म्हणालात तरी चालेल, पण बाकी सगळे चाबीच म्हणतील.

सगळ्यात आधी स्वतःची चूक तपासा

हसू नका, निम्म्या वेळा दोष आपलाच असतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वरच हवा, ‘डी’वर राहिला असेल तर सेल्फ लागणारच नाही. बटणाने चालू होणाऱ्या मॅन्युअल गाडीत क्लच अगदी तळापर्यंत दाबावा लागतो, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक. माझ्या मेहुण्याने नवीन गाडीत जाडजूड मॅट टाकली आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालूच होईना. मॅटमुळे क्लच पेडल शेवटपर्यंत जात नव्हतं, म्हणून आतला स्विच दबत नव्हता. मॅट सरकवली, प्रश्न मिटला. त्याआधी तासभर शेजारीपाजारी बोनटमध्ये डोकं घालून उभे होते.

चाबी फिरतच नसेल तर स्टिअरिंग लॉक अडकलेलं असतं. स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत चाबी फिरवा, जोर लावू नका, चाबी तुटते. बटणवाल्या गाडीत पडद्यावर चाबी सापडत नसल्याचा संदेश आला तर रिमोटचा सेल संपला असण्याची शक्यता जास्त. बहुतेक गाड्यांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी चालू होते. नेमकी जागा प्रत्येक कंपनीची वेगळी, ती गाडीसोबतच्या पुस्तकात असते. दार उघडत नसेल तर रिमोटच्या पोटात एक छोटी पत्र्याची चाबी लपलेली असते, ती काढा. सेल बहुधा सीआर २०३२ हा असतो, घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो.

हे सगळं ठीक असेल तर एसी, लाइट, गाणी बंद करा, मोबाइलचा चार्जर काढा, काच खाली करा आणि एकदाच सेल्फ मारा. कान देऊन.

आवाजावरून काय कळतं

काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवर दिवेही नाहीत: बॅटरी पूर्ण उतरलेली, नाहीतर टर्मिनल सुटलेलं.

‘टक टक टक टक’ असा भराभर आवाज आणि दिवे लुकलुकतात: बॅटरीत थोडा जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

एकच जोरकस ‘टक’, दिवे मात्र लख्ख: संशय सेल्फवर, त्याच्या सोलेनॉइडवर (सेल्फला करंट जोडणारा स्विच) किंवा खराब अर्थिंगवर. सीताबर्डीच्या त्या पानठेल्यावरच्या माणसाला हेच सांगायचं होतं.

‘घर्र... घर्र...’ असं कण्हत फिरतं: बॅटरी अशक्त. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे हे हमखास.

छान जोरात फिरतं, पण पेट घेत नाही: बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष. इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझर (चाबी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) यांच्याकडे बघा.

शंका असेल तर हेडलाइटची परीक्षा घ्या. गाडी भिंतीसमोर असेल तर उत्तम. लाइट लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लाइट एकदम मंदावला किंवा विझला तर बॅटरी किंवा तिची जोडणी. लाइट तसाच तेजस्वी राहिला आणि सेल्फ हललाच नाही, तर दोष सेल्फच्या वाटेवर आहे. या परीक्षेला हत्यार लागत नाही, पैसाही लागत नाही.

एक ताकीद. गाडी उठत नाही म्हणून सेल्फ रेटत राहू नका. एका वेळी फार तर १० सेकंद, मग किमान अर्धा मिनिट थांबा. सेल्फची मोटर प्रचंड करंट ओढते आणि तापते. बॅटरीचा दोष असेल तर उरलेला जीवही जातो आणि एकाच्या दोन दुरुस्त्या होतात.

बॅटरी: मारतो उन्हाळा, कळतं हिवाळ्यात

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. उन्हात उभ्या गाडीच्या बोनटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल. उष्णतेने आतलं पाणी उडतं आणि पट्ट्या गंजायचा वेग वाढतो. उन्हाळ्यात इंजिन फिरवायला सोपं असतं, म्हणून अर्धमेली बॅटरीही काम ढकलते. मग थंडीची एक पहाट उजाडते, इंजिन ऑइल घट्ट झालेलं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली, आणि पारडीला निघालेली सहल पार्किंगमध्येच अडते. लोक थंडीला दोष देतात. खरा गुन्हेगार मे महिना.

म्हणून बॅटरीवरची तारीख बघून ठेवा. इथल्या उन्हात तीन-चार वर्षं निघाली की मी तिच्याकडे संशयाने बघायला लागतो. घरी एक साधा डिजिटल मल्टिमीटर ठेवा, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी चालू करण्याआधी मोजा: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी आतून गेली आहे, चार्ज करूनही ती फार दिवस साथ देणार नाही. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी चार्ज करत नाही, मग नवी बॅटरी टाकली तरी दोन दिवसांत तीही उतरेल. जुने मिस्त्री अल्टरनेटरला ‘डायनामो’ म्हणतात, गोंधळू नका.

पण बॅटरीवर पैसे घालण्याआधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पावडर जमते, ती करंट अडवते. गाडी बंद करून आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह तार सोडवा, मग लाल. लावताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळी. हा क्रम मोडलात आणि लाल सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगीचा फटाका उडतो. पावडरवर खाण्याचा सोडा टाकलेलं गरम पाणी थोडं थोडं ओता, फसफसून निघून जाते. जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा. हाताला आम्ल लागलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्या हाताने डोळे चोळू नका.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, खुणेपर्यंतच. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी कूलरमध्ये पाणी भरता भरता त्याच पाइपने बॅटरीतही भरलं होतं. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. ती बॅटरी पावसाळाही बघू शकली नाही.

जम्प स्टार्ट, पण क्रमाने

बॅटरी उतरलीये हे पक्कं झालं की दुसऱ्या गाडीची मदत घ्या. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्याच हव्यात, एकमेकींना टेकलेल्या नकोत, दोन्ही बंद, हँडब्रेक लावलेला. केबल चांगल्या जाड घ्या, बारीक तारेच्या स्वस्त केबल नुसत्या तापतात.

पहिली लाल चिमटी तुमच्या मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. लाल केबलचं दुसरं टोक मदतीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळी चिमटी मदतीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. आणि काळ्याचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला नाही, तर तुमच्या इंजिनवरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. त्याच कारणाने मदतीला जमलेल्यांपैकी ज्याच्या तोंडात विडी-सिगारेट आहे त्याला आदराने दूर उभं करा.

मदतीची गाडी चालू करून चार-पाच मिनिटं चालू ठेवा, मग तुमची चालू करा. झाली की केबल उलट्या क्रमाने काढा. लाल-काळं उलटं लागलं तर अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर, दोन्ही जाऊ शकतात. म्हणून चिमटीचा रंग नाही, बॅटरीवरची अधिक-उणेची खूण बघा. जुन्या बॅटरीवर ती मळाखाली लपलेली असते, पुसून बघा.

चालू झाली म्हणून लगेच पोहे खायला थांबून गाडी बंद करू नका. अर्धा-पाऊण तास चालवा, तेही व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर एसी लावून नव्हे, तर रिंग रोडसारख्या मोकळ्या रस्त्याने. एवढ्यानेही पूर्ण उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही. त्या रात्री चार्जरवर लावलेली बरी.

गाडी चालू असताना टर्मिनल काढून ‘डायनामो चेक’ करणारे मिस्त्री अजून भेटतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून गेलं. आताच्या गाडीत व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळतो. नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

धक्का

नागपुरात धक्का मारायला माणसं शोधावी लागत नाहीत, बोनट उघडलं की चार जण आपोआप जमतात. पण धक्का फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीला. ऑटोमॅटिकला कितीही ढकललं तरी उपयोग नाही. चाबी ‘ऑन’वर, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडा, इंजिन पकडताच पुन्हा दाबा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात हे लक्षात असू द्या, म्हणजे रिकाम्या, सपाट रस्त्यावरच हा उद्योग. डॅशबोर्डचे दिवेही लागत नसतील तर धक्का मारून फायदा नाही, कारण इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटर यांनाही थोडी वीज लागते. दोन-तीन प्रयत्नांत नाही झाली तर सोडून द्या. पेट्रोल गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग महाग आहे.

सेल्फ फिरतो, गाडी पेटत नाही

आधी काटा बघा. काटा खोटंही बोलतो, उतारावर उभ्या गाडीत तर नक्कीच. पेट्रोल गाडीत चाबी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूं’ असा आवाज येतो, तो पंपाचा. शांत गल्लीत काच खाली करून ऐका. आवाज नसेल तर फ्यूज किंवा रिले तपासा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. जळलेला फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा लावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. तार किंवा सिगारेटची चांदी लावून जुगाड करणारा माणूस आग लावतो, गाडी नाही.

सीएनजीवाल्यांनो, तुमची गाडीही बहुधा पेट्रोलवरच उठते आणि नंतर गॅसवर जाते. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून पैसे वाचत नाहीत, उलट पंप लवकर जातो.

डिझेल गाडीत पिवळी वेटोळ्याची खूण विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. डिझेल पूर्ण संपून बंद पडली असेल तर नुसतं डिझेल ओतून चालत नाही, पाइपात हवा शिरते, ती काढावी लागते. आणि पंपावर चुकून डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं तर चाबीला हातही लावू नका. टोचन करा, टाकी रिकामी करा.

डॅशबोर्डवर चाबीची किंवा कुलूप असलेल्या गाडीची खूण लुकलुकत असेल, गाडी क्षणभर चालू होऊन विझत असेल, तर इमोबिलायझर तुमची चाबी ओळखत नाही. दुसरी चाबी वापरून बघा.

उन्हाळ्यातला एक खास प्रकार सांगतो. वर्ध्याहून नागपूरला आलात, दहा मिनिटं थांबलात, आता गाडी पेटत नाही. तासाभराने जणू काही झालंच नाही अशी चालू. जुनी माणसं याला ‘गाडी तापली’ म्हणून सोडून देतात. नव्या गाड्यांत असं वारंवार होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा) तापल्यावर दगा देत असण्याची शक्यता मिस्त्रीला जरूर बोलून दाखवा. थंड गाडीत हा दोष सापडत नाही, म्हणून गॅरेजात गाडी नेहमी शहाण्यासारखी वागते आणि आपण खोटे पडतो.

बेसा, मनीषनगरकडे मोकळ्या प्लॉटशेजारी राहता? मग उंदीर. रात्री गरम इंजिनच्या उबेला येतात आणि वायर कुरतडतात. बोनट उघडल्यावर लेंड्या, कुबट वास, वायरीच्या आवरणाचे तुकडे दिसले तर सेल्फ मारू नका, शॉर्टसर्किट होऊ शकतं. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या हे उपाय करून बघायला हरकत नाही. माझ्याकडे उंदीर त्यांना सरावले.

पाण्यात उभी राहिलेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या सकाळी लोकांनी सगळ्यात साहजिक गोष्ट केली: पाणी ओसरल्यावर चाबी फिरवून बघितली. तीच करायची नसते.

हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन त्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि जे काम साफसफाईत निभावलं असतं ते इंजिन खोलण्यावर जातं. पाणी गाडीच्या आत, सीटपर्यंत आलं असेल तर सेल्फ नाही, धक्का नाही, जम्प नाही. जमलं तर बॅटरीची काळी तार काढून ठेवा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच न्या. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात यातलं काही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला तरी पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं तर भरपाईवरून वाद होतो, म्हणून इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलंय का हे पावसाळ्याआधी पॉलिसीत बघून ठेवा.

रस्त्यात, आणि फोनवर

समृद्धी किंवा कुठल्याही महामार्गावर थांबून पुन्हा चालू न झालेली गाडी ही आधी सुरक्षिततेची अडचण, मग यंत्राची. चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून वाट बघू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, जिवावरचा प्रसंग असेल तर कुठेही ११२.

मिस्त्रीला फोन कराल तेव्हा “गाडी चालूच नाही होऊन राहिली” एवढंच सांगू नका, ते त्याला कळलेलंच असतं. असं सांगा: “सेल्फ मारला की एकच टक येतो, लाइट फुल आहे, टर्मिनल आवळून पाहिले, काल रात्रीपर्यंत ठीक होती.” मग तो सोबत काय आणायचं ते ठरवून येतो, तुमच्या दोन चकरा वाचतात. जमलं तर फोन बोनटजवळ धरून आवाजच ऐकवा.

काही बदललं तर जुना पार्ट मागून घ्या. बॅटरी बदलली असेल तर जुनीचे पैसे बिलातून वजा झाले का बघा. आतल्या शिशाला भाव असतो, आणि विचारलं नाही तर तो भाव दुकानदारच ठेवून घेतो.